सुट्टीतले विद्यार्थी बांधकामावर: एका निवड-प्रशिक्षण सेवेचा एका हंगामाचा अनुभव

स्थापत्य पदविकेच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना निवडून, सहा दिवसांचे प्रशिक्षण देऊन, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते लहान कंत्राटदारांच्या साइटवर पाठवणारी एक सेवा मी या वर्षी मेच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वापरली. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या असून त्यांतील काही त्यांनी मान्यही केल्या आहेत. शिवाय अशा सेवा आता अनेक जिल्ह्यांत सुरू झाल्या आहेत आणि मी जे लिहितो आहे ते त्यांपैकी कोणाशीही करार करण्यापूर्वी उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

माझे काम सातारा जिल्ह्यात, मुख्यतः कोरेगाव तालुक्यात चालते. या हंगामात माझ्याकडे दोन बंगले आणि एका शाळेच्या चार खोल्या अशी तीन कामे होती. ज्यांनी ग्रामीण भागात बांधकाम केले आहे त्यांना मे महिन्याची ओढाताण वेगळी सांगायला नको. परराज्यांतून आलेले कामगार लग्नसराईसाठी आणि पेरणीपूर्वीच्या कामांसाठी गावी जातात, स्थानिक बिगारी रानाच्या मशागतीला लागतात आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी जोते वर आले पाहिजे, स्लॅब पडला पाहिजे, म्हणून घरमालक रोज फोन करतो. नेमक्या याच वेळी तंत्रनिकेतनांच्या उन्हाळी परीक्षा संपतात आणि हातपाय चांगले असलेली, नकाशा वाचता येणारी मुले घरी बसलेली असतात. या दोन गरजांची गाठ घालून देण्याची कल्पना मुळात उत्तम आहे, आणि आमच्या जिल्ह्याला ती नवीनही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ची जी परंपरा रुजवली, तिच्यात विद्यार्थ्यांनी शेतात आणि बांधकामावर राबून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला. माझ्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी माणसे त्या मार्गाने शिकली. म्हणून या सेवेची जाहिरात वाचली तेव्हा माझ्या मनात व्यवहारापेक्षा आपुलकी अधिक होती, हे मी आधीच सांगून टाकतो.

सरकारी योजनांचा मार्ग मी आधी पडताळून पाहिला होता. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा भार केंद्र सरकार उचलते. पण तेथील प्रशिक्षणाची मुदत महिन्यांत, किमान सहा महिन्यांपासून पुढे मोजली जाते. सात आठवड्यांच्या सुट्टीत ते बसत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्रच नाहीत. म्हणजे सुट्टीपुरते काम करू इच्छिणारा विद्यार्थी सरकारी चौकटीच्या बाहेर राहतो आणि त्याला साइटपर्यंत आणणारा कोणीतरी मध्यस्थ लागतो. ही सेवा ती जागा भरून काढते.

शुल्काचा हिशेब असा होता: प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये. मी आठ विद्यार्थी मागितले. त्यांची हजेरी सरासरी ३६ दिवस भरली, तेव्हा शुल्काचा बोजा दिवसाला डोईपोटी सुमारे ११५ रुपये पडला. एवढी रक्कम मला जड वाटली नाही आणि आजही वाटत नाही. वाद झाला तो मजुरीवरून. संस्थेच्या प्रतिनिधीने मला दिवसाला ३०० रुपये देण्याचा सल्ला दिला आणि त्याला ‘शिकण्याचा मोबदला’ असे नाव दिले. मी तो सल्ला मानला नाही. जो मुलगा माझ्या साइटवर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच राबतो, घमेले उचलतो, सळई बांधतो, तो माझा कामगार आहे. तो संध्याकाळी कोणत्या महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो याने किमान वेतनाचा कायदा बदलत नाही. आमच्याकडे बिगाऱ्याला ६०० रुपये हजेरी चालू होती, तीच मी विद्यार्थ्यांना दिली. जी संस्था विद्यार्थ्याला ‘स्वस्त मनुष्यबळ’ म्हणून विकते, तिच्या प्रशिक्षणावरही मग विश्वास ठेवणे कठीण जाते, आणि या संस्थेने हा मोह टाळायला हवा होता.

आता प्रशिक्षणाविषयी. तेच या सेवेचे सर्वांत भरीव अंग आहे. संस्थेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली सहा दिवस हे वर्ग चालतात. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दिवसभर तेथे जाऊन बसलो. शिकवणारे गृहस्थ स्वतः अनेक वर्षे सळईकाम केलेले मिस्त्री आहेत आणि त्यांची शिकवण्याची पद्धत पाहून मला फार समाधान वाटले. त्यांनी मुलांच्या हाती आधी हुक आणि बांधणीची तार दिली नाही. आधी प्रत्येकाला कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणारी, ८ मिलिमीटर जाडीच्या सळईची एक रिंग वाकवायला लावली. बहुतेकांनी रिंगेचे टोक काटकोनात वळवून थांबवले, कारण तसे वळवणे सोपे असते आणि आमच्या भागातील कित्येक साइटवर आजही तसेच वळवतात. मिस्त्रींनी त्या सगळ्या रिंगा एका चौकटीत बांधल्या, चौकटीला दोन बाजूंनी पहारीने ताण दिला आणि टोके उघडून बाहेर आलेली मुलांना हाताने चाचपायला सांगितली. मग १३५ अंशांत आत वळवलेले, टोकाशी ६५ मिलिमीटर सरळ भाग ठेवलेले आकडे करून तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी रिंग जागची हलली नाही. एवढे झाल्यावर ते म्हणाले, “पोरांनो, आपला जिल्हा कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे काय झालं, ते घरी आजोबांना विचारा आणि उद्या मला येऊन सांगा.” ती कोयनेच्या भूकंपाची पहाट होती. दुसऱ्या दिवशी मी तेथे नव्हतो, पण माझ्याकडे आलेल्या आठही मुलांपैकी एकानेही पुढे सात आठवड्यांत काटकोनातली रिंग कॉलमला जाऊ दिली नाही. त्यांनी माझ्या जुन्या फिटरलाही ती बदलायला लावली, आणि तो बदलला.

आखणीचे प्रशिक्षणही चांगले होते. तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोन कसा काढायचा, पाण्याच्या नळीने पातळी कशी घ्यायची, ओळंबा धरताना वारा असेल तर काय करायचे, हे सगळे मुले हाताने करून आली होती. कॉलेजात त्यांनी कोन मोजणारा थिओडोलाइट हाताळलेला असतो, पण साध्या प्लास्टिकच्या नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हे त्यांना येथे पहिल्यांदा कळले. काँक्रीटच्या दिवशी त्यांना ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूने स्लम्प घेणे, म्हणजे ओले काँक्रीट किती पातळ आहे ते पाहणे, आणि १५० मिलिमीटरच्या साच्यात तीन थरांत, प्रत्येक थराला ३५ ठोके देऊन ताकद तपासण्यासाठीचे घन भरणे शिकवले गेले. लहान कंत्राटदाराच्या साइटवर घन भरले जातात ते बहुधा कोणी अधिकारी येणार असेल तेव्हाच, हे मी आमच्या व्यवसायाबद्दल खेदाने लिहितो. या हंगामात माझ्या तिन्ही साइटवरील प्रत्येक स्लॅबचे घन भरले गेले, त्यांवर तारीख खरडली गेली, ते टाकीत बुडवले गेले आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत गेले. त्यामागे दोन विद्यार्थ्यांची चिकाटी होती आणि ती चिकाटी प्रशिक्षणातून आली होती.

मात्र याच प्रशिक्षणात एक उणीव आहे. ती मला एका प्रसंगातून कळली. शाळेच्या कामासाठी १२ मिलिमीटरच्या १२० सळया आल्या. एका विद्यार्थ्याने वर्गात शिकवलेले व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र लावले, मीटरला ८८९ ग्रॅम धरून, १२ मीटर लांबीच्या १२० सळयांचे वजन १,२८० किलो काढले आणि मालासोबतच्या चलनावर १,३३५ किलो पाहून सगळ्यांसमोर ट्रकचालकाला सांगितले की तुम्ही ५५ किलो जास्त लावले आहेत. चालक संतापला, मुकादमाने मुलाची बाजू घेतली आणि बघता बघता साइटवर मोठमोठ्याने बोलणे सुरू झाले. मी तेथे पोहोचलो तेव्हा मुलगा अगदी थरथरत होता, पण आपल्या आकड्यावर ठाम होता. आम्ही एका सळईचे एकेक मीटरचे तीन तुकडे कापले आणि शेजारच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. वजन ९२५ ते ९३० ग्रॅमच्या दरम्यान भरले. म्हणजे चलन खरे होते. सळई सूत्राच्या वजनापेक्षा जड निघाली होती, आणि भारतीय मानकानुसार या व्यासाला ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. सूत्र शिकवले गेले, पण सूत्राभोवतीची सूट शिकवली गेली नाही. त्या फरकाचे ज्ञान नसेल तर हुशार मुलगा निष्पाप माणसावर चोरीचा आळ घेऊ शकतो. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर चालकाची क्षमा मागायला सांगितले. त्याने ती मागितली, आणि मग मी सगळ्यांसमोर त्याचे कौतुकही केले, कारण माझ्या साइटवर आलेले लोखंड मोजून घेणारा तो गेल्या कित्येक वर्षांतला पहिलाच माणूस होता. हा प्रसंग मी संस्थेला कळवला तेव्हा त्यांनी पुढील तुकडीपासून प्रत्येक व्यासाची वजनातील सूट शिकवण्याचे मान्य केले.

सुरक्षेचे शिक्षण मला सर्वांत अपुरे वाटले, आणि याबाबत मी हातचे राखून काही लिहिणार नाही. पहिला संपूर्ण दिवस सुरक्षेला दिलेला होता, पण त्यातील बहुतेक वेळ पडद्यावरील चित्रे पाहण्यात गेला. सुरक्षा पट्टा एकच होता आणि वीसेक मुलांनी तो आळीपाळीने अंगावर चढवून काढून ठेवला. तो लटकवायचा कोठे, हे कोणी करून दाखवले नाही. परिणाम असा झाला की माझ्या साइटवर दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा परांचीवर पट्टा बांधून उभा होता आणि त्या पट्ट्याचा आकडा त्याच्या गुडघ्याखालच्या आडव्या पाइपाला अडकवलेला होता. तो पडला असता तर पट्टा ताणला जाईपर्यंत त्याचे शरीर आपल्या उंचीहूनही खाली गेले असते. त्याला मी लगेच खाली उतरवले. आकडा डोक्याच्या वर, परांचीपासून स्वतंत्र असलेल्या पक्क्या आधाराला लावायचा असतो हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. दोष त्याचा नव्हता. त्या दिवसापासून पट्टा घालून वर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा आकडा मुकादमाने स्वतः तपासायचा, असा नियम मी केला. पण हा नियम मला सुचेपर्यंत जे दहा-बारा दिवस गेले, त्यांची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

बुटांची गोष्ट याहून वाईट आहे. संस्थेच्या माहितीपत्रकावर बोटांवर पोलादी टोपी आणि पोलादी तळ असलेल्या सुरक्षा बुटांचे छायाचित्र होते आणि शुल्कात हेल्मेट, हातमोजे व बूट यांचा समावेश असल्याचे लिहिले होते. हेल्मेट आयएसआय चिन्हाची, चांगली आली. बूट मात्र कॅनव्हासचे, पातळ तळाचे निघाले. मी ते पाहून त्याच दिवशी फोन केला. दोन दिवसांत बदलून देतो असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी, सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटला आधार देणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या, उलट्या पडलेल्या फळीवर पाय पडून एका मुलाच्या तळव्यात दोन इंचांचा गंजका खिळा शिरला. आम्ही त्याला लगेच दवाखान्यात नेले, जखम धुऊन घेतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सुदैवाने आठवडाभरात तो चालू लागला. उलट्या फळ्या खिळे न काढता टाकल्या जाणे ही माझ्या साइटची चूक होती आणि ती मी माझी म्हणूनच स्वीकारतो. पण ती चूक पायापर्यंत पोहोचू नये यासाठीच बूट असतात, आणि ज्या वस्तूचे पैसे घेतले ती वस्तू दिली गेली नाही. चांगले बूट मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून स्वतः आणले. त्या खर्चाची रक्कम संस्थेने अद्याप परत केलेली नाही.

त्याच प्रसंगात विम्याचेही सत्य बाहेर आले. संस्था प्रत्येक विद्यार्थ्याचा ‘अपघात विमा’ उतरवते हे खरे आहे. मात्र त्या पॉलिसीत मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांनाच भरपाई होती. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली हजेरी त्यात येत नव्हती. मी माझ्या कामगारांसाठी जी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार भरपाईची, पॉलिसी घेतो तिच्यात आठही विद्यार्थ्यांची वाढ पहिल्याच दिवशी करून घेतली होती, म्हणून मी निश्चिंत होतो. पण ज्या कंत्राटदाराने संस्थेच्या ‘विमा समाविष्ट’ या दोन शब्दांवर विसंबून स्वतःची पॉलिसी वाढवली नसेल, त्याच्यावर आणि त्याहून अधिक त्या मुलाच्या घरच्यांवर काय वेळ येईल, याचा विचार करा. माझी विनंती आहे की अशा कोणत्याही सेवेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि ती ओळीने वाचा.

वयाचा प्रश्न थोडा समजावून सांगावा लागेल, कारण तो अनेकांच्या लक्षात येत नाही. पदविकेला दहावीनंतर प्रवेश मिळतो. म्हणून दुसरे वर्ष संपवलेला विद्यार्थी पुष्कळदा सतरा वर्षांचा असतो. बांधकाम कामगार म्हणून बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी १८ व्या वर्षापासून होते आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदाही धोक्याच्या उद्योगासाठी १८ वर्षेच धरतो. करारात मी पूर्ण १८ वर्षे असे लिहून घेतले होते, तरीही पहिल्या तुकडीत एक मुलगा सतरा वर्षे चार महिन्यांचा निघाला. आधार कार्ड मी स्वतः पाहिले म्हणून ते कळले. त्याला परत पाठवताना मला फार वाईट वाटले, कारण तो उत्साहाने आला होता आणि कामाला उपयोगी पडला असता. त्याची ही निराशा टाळणे संस्थेच्या हातात होते. बारावी किंवा आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी वयाने मोठे असतात. त्यांनाच निवडले तर हा प्रश्न उरत नाही, आणि माझा अनुभव असा की ते कामातही अधिक स्थिर असतात. त्या मुलाच्या जागी तीन दिवसांत दुसरा देण्याची हमी होती. तो नवव्या दिवशी आला, आणि त्याने सहा दिवसांच्या प्रशिक्षणापैकी दोनच दिवस पूर्ण केले होते.

आठांपैकी दोन मुली होत्या. संस्थेने सुरुवातीला ‘साइटवर मुलेच बरी’ असे सुचवले होते. मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी दोघींना पाठवले आणि त्या दोघी या हंगामातील माझ्या सर्वांत भरवशाच्या कामगार ठरल्या. क्युरिंगची, म्हणजे काँक्रीटला पाणी मारण्याची, वही त्यांनीच ठेवली. आमच्याकडे स्लॅबला चार-पाच दिवस पाणी मारून झाले की माणसे दुसऱ्या कामाला लावण्याची सवय आहे. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी हवे, हे त्यांनी गवंड्यांना रोज सांगितले, भिंतीवर खडूने दिवसांचे रकाने आखले आणि दहावा रकाना भरल्याशिवाय पाइप गुंडाळू दिला नाही. आमचे सर्वांत ज्येष्ठ गवंडी, ज्यांना सगळी मुले मामा म्हणत, ते पहिल्या आठवड्यात या रकान्यांकडे पाहतही नव्हते. जूनच्या शेवटी मात्र एके सकाळी साइटवर आल्याआल्या त्यांनी विचारले, “पोरी, आज कितवा दिवस?” मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय साइटवर आहे की नाही, हे संस्थेने मला विचारायला हवे होते, त्यांनी विचारले नाही आणि मीही ती सोय त्या आल्यानंतर दोन दिवसांनी केली. दोघींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणून ती गोष्ट मला अधिक लागली.

कामाच्या वेगाविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. पहिल्या आठवड्यात दोन विद्यार्थी मिळून एका सराईत बिगाऱ्याएवढे काम करत होते. पन्नास किलोची सिमेंटची गोणी एकट्याने उचलण्याची सवय नसलेल्या मुलाला ती उचलायला लावणे अयोग्य आहे, म्हणून मी दोघांनी मिळून उचलण्याची सक्ती केली. कोरेगावच्या मे महिन्यातील उन्हात दुपारी बारा ते साडेतीन काम बंद ठेवले आणि सकाळी साडेसहाला सुरू केले. उन्हाचे हे वेळापत्रक, पाण्याचे आणि ओआरएसचे प्रमाण, चक्कर येण्यापूर्वीची लक्षणे यांविषयी प्रशिक्षणात जवळजवळ काहीच नव्हते, ही मला मोठी उणीव वाटते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र चित्र पालटले. सळई बांधणे, ती फळीपासून वर ठेवणारे ठोकळे म्हणजे कव्हर ब्लॉक बसवणे, माप घेणे, नोंदी ठेवणे या कामांत ती मुले बिगाऱ्यांच्या पुढे गेली. स्लॅबच्या आदल्या रात्री एक मुलगा मोबाइलचा उजेड धरून जाळीखालचे २० मिलिमीटरचे ठोकळे एकेक मोजत असलेला मला दिसला. कोठे ठोकळा निसटून सळई फळीला टेकली होती तेथे तो बोटाने जाळी उचलून नवा ठोकळा सरकवत होता. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

सेवेत खरी पोकळी आहे ती प्रशिक्षण संपल्यानंतर. करारानुसार संस्थेचा समन्वयक पहिल्या आठवड्यात तीनदा आणि पुढे दर आठवड्याला एकदा साइटवर येणार होता. सात आठवड्यांत तो एकंदर दोनदा आला, आणि दोन्ही वेळा हजेरीपटावर सह्या घेऊन छायाचित्रे काढून गेला. पट्ट्याचा चुकीच्या जागी लावलेला आकडा, पातळ तळाचे बूट, लोखंडाच्या वजनावरून झालेले भांडण या प्रत्येक ठिकाणी जाणता माणूस त्या मुलांच्या जवळ उभा असता तर गोष्ट तेथेच निस्तरली असती. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत औद्योगिक प्रशिक्षण आहे, त्यासाठी मुले वही भरतात. ही वही तपासून त्यावर चार ओळी लिहिणारा माणूस संस्थेने दिला असता तर मुलांचे सात आठवडे कॉलेजच्या हिशेबातही नीट जमा झाले असते. शेवटी ते काम रात्री घरी बसून मी केले. सहा दिवस पत्र्याच्या शेडखाली जे शिकवले ते साइटच्या धुळीत, घाईत आणि मुकादमाच्या आवाजात टिकते की नाही हे पाहणारा माणूस म्हणजेच या सेवेचा अर्धा भाग आहे, आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले जाते.

पैसे देण्याची पद्धतही बदलायला हवी. पहिल्या पंधरवड्याची मजुरी मी करारानुसार संस्थेच्या खात्यात भरली आणि ती मुलांपर्यंत सतरा दिवसांनी पोहोचली. यांपैकी तिघे पुढील सत्राची फी आणि पुस्तकांसाठी काम करत होते. एकाच्या घरी बियाण्यांसाठी त्याच पैशांची वाट पाहिली जात होती. त्यानंतर मी दर शनिवारी मजुरी थेट त्यांच्या बँक खात्यांत भरू लागलो आणि संस्थेला तसे कळवून टाकले. प्रशिक्षणाच्या सहा दिवसांचे मुलांना काहीच मिळत नाही, हेही मला पटले नाही. त्या दिवसांची अर्धी हजेरी मी माझ्याकडून दिली.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी याच संस्थेकडे पुन्हा चार विद्यार्थ्यांची मागणी नोंदवली आहे, कारण तिसऱ्या दिवशी रिंग वाकवायला शिकवणारे ते मिस्त्री तेथे आहेत आणि त्यांच्यासारखा शिक्षक मला अन्यत्र आढळलेला नाही. या वेळी कराराचा मसुदा मी स्वतः लिहून नेला. मजुरी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाईल, बूट कामाच्या पहिल्या दिवसापूर्वी माझ्या साइटवर पोहोचून तपासले जातील, आणि पहिल्या आठवड्यात ते मिस्त्री स्वतः तीन पूर्ण दिवस आमच्या साइटवर मुलांबरोबर काम करतील, अशी कलमे त्यात आहेत. तिसऱ्या कलमासाठी संस्थेने प्रत्येक विद्यार्थ्यामागे ८०० रुपये जास्त मागितले. मी ते मान्य केले आणि दोघांच्या सह्या झाल्या.